पांढऱ्या दोऱ्याची छत्री

छत्रीचं तर पुन्हा काढूच नकोस, दादा. छत्री माझ्या माणसाने चोरली नाही हे मी तुला फोनवर तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा तू "असेल, असेल" म्हणालास. तुझं "असेल" मी लहानपणापासून ओळखतो. त्याचा अर्थ "नाही" एवढाच असतो. तोंडी सांगितलेलं तू मानत नाहीस, कागद मात्र मानतोस. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात काम केल्याचा परिणाम असावा. म्हणून हा कागद. मृत्युपत्र आहे, तेव्हा नीट बसून वाच.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सव्वीस, शिक्षण सातवी, धंदा तेलाच्या टाक्या आतून खरवडण्याचा, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, मी काही प्यायलेलो नाही आणि कुणी माझ्या मानगुटीवर बसून हे लिहून घेत नाही. ऑफिसातल्या कारकुनाने मला एक छापील नमुना दिला. त्यात "राजीखुशीने" असा शब्द आहे. तो मी गाळला. उद्या नऊ नंबरच्या टाकीत उतरायचं आहे. मागच्या वर्षी तिथून दोघांना बेशुद्ध वर काढलं होतं. त्यात राजी होण्यासारखं काही नाही. कंपनीच्या फॉर्मवर वारसासाठी एकच ओळ आहे, आणि एका ओळीत मावेल इतका माझा कुणावर विश्वास नाही.

इथे मला सगळे तपासनीस म्हणतात. दोरीची गाठ मी तीनदा ओढून बघतो, मास्कची नळी स्वतः फुंकून बघतो, आचाऱ्याने वाढलेलं आधी हुंगतो. असा मी कसा झालो ते खाली येईलच, कारण माझी मालमत्ता आणि माझा संशय दोन्ही एकाच घरातले आहेत.

कलम पहिले. घर.

हॉस्पिटलच्या मोठ्या फाटकासमोरचं आपलं घर कागदावर दोघांचं अर्धं अर्धं आहे. आईने जाण्याआधी तोंडी वाटणी केली होती. मागच्या दोन खोल्या तुझ्या, कारण तुझा संसार. पुढची खोली माझी, कारण माझा पाय घरात ठरत नाही आणि खोली कुणाच्या तरी उपयोगी पडेल. ती खोली तू आता औषधवाल्याला दुकानासाठी भाड्याने द्यायला निघाला आहेस. "रिकामीच पडलीय रे. हॉस्पिटलने नातेवाइकांसाठी हॉल बांधलाय, आता कुणी दार वाजवत नाही," असं तुझं म्हणणं. मला तिथेच शंका आली. हॉल बांधला की अडलेली माणसं संपतात हे काही मला पटलं नाही.

ज्यांना हे घर माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक लोखंडी खाट आहे. आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची, तिथून भंगारात निघालेली ती खाट तिने घरी आणली. आम्हा भावांना वाटलं, चला, एकाला तरी जमिनीवरून वर झोपायला मिळेल. पहिल्याच आठवड्यात तिच्यावर एक अनोळखी बाई झोपली, तिचा नवरा वॉर्डात होता. त्यानंतर आई असेपर्यंत खाट आमच्या वाट्याला आली नाही. पेशंटबरोबर आलेला आणि जायला जागा नसलेला कुणीही आमचं दार वाजवायचा. दाराला कुलूप नव्हतं. आई नाव विचारायची नाही, कुठून आलात विचारायची नाही.

मी एकदा म्हटलं, "निदान तोंड तरी बघत जा, कसलं आहे ते."

ती म्हणाली, "तोंड बघितलं तर मी निवडायला लागेन. प्रभूने मला निवडायला ठेवलं नाही, दार उघडायला ठेवलंय."

इथवर ठीक. पण तिची दुसरी एक सवय होती आणि तिच्याबद्दलची तक्रार मी या कागदावर कायमची नोंदवतो. आई वस्तू देऊन टाकायची आणि सांगायची नाही. दिलेलं बोलून दाखवलं की ते देणं राहत नाही, अशी तिची श्रद्धा. आपल्याला दिसायचं एवढंच की काल होती ती वस्तू आज नाही. कंदील गेला. बाबांचा स्वेटर गेला. तुझे बूट गेले, तेही परीक्षेच्या सकाळी, आणि तू बाबांच्या चपला फटक फटक वाजवत पेपरला गेलास. ज्या घरातून वस्तूंना पाय फुटतात आणि ज्याच्या पुढच्या खोलीत रोज नवा माणूस झोपतो, त्या घरातलं पोर काय शिकणार? आईला वाटत होतं ती आपल्याला देणं शिकवतेय. मी चोर ओळखायला शिकत होतो.

कुलूपवाल्या काकांची गोष्ट तुला अर्धवट माहीत आहे, तू तेव्हा ट्रेनिंगला बाहेर होतास. पूर्ण लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मी एकोणीसचा होतो. काका फिरते कुलूपवाले, बायको वॉर्डात, चाळीस दिवस आपल्या खाटेवर मुक्काम. आईच्या ट्रंकेचं कुलूप गंजलं होतं, ते त्यांनी सोडवून साफ केलं आणि नवी किल्ली घासून दिली. किल्लीच्या डोक्यावर तीन बारीक खाचा केल्या, ती त्यांची खूण.

मी आईला म्हटलं, "कुलूपवाल्याला ट्रंकेची किल्ली करायला दिलीस?"

"मग काय न्हाव्याला देऊ?" ती म्हणाली.

त्याच ट्रंकेत बाबांचं घड्याळ होतं, बॉयलरवर तीस वर्षं काढल्यावर मिळालेलं. आठवड्याने ट्रंक उघडली तर घड्याळ नाही. आई कामावर. काका नुकतेच वॉर्डातून येऊन हात धुवत होते. मी काही विचारलं नाही. गेलो आणि एक ठेवून दिली. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. त्यांनी गालाला हातसुद्धा लावला नाही. पांघरुणाची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, उशीवर ठेवली आणि म्हणाले, "किल्ली एकच केली होती. ती ताईंकडे आहे. दुसरी केली नाही." आणि गेले.

आई आल्यावर मी छाती फुगवून सांगितलं, "चोर हाकलला." ती खाटेकडे बघत उभी राहिली. बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाआधीची प्रार्थना मध्येच थांबवली आणि म्हणाली, "घड्याळ मी दिलं. एका पोरीला, नवऱ्याच्या ऑपरेशनच्या औषधांसाठी. कुणाला कळू देणार नाही असा शब्द दिला होता तिला."

"मग परवाच का नाही बोललीस?"

"शब्द मोडला असता."

"आणि त्यांनी खाल्लेली थप्पड? ती कुणी दिली म्हणायची, मी का तू?"

ताट तसंच ठेवून ती रस्ता ओलांडून गेली. तिथे कळलं की ते दोन दिवस काका वॉर्डाबाहेरच्या फरशीवर झोपले होते, आपल्या दारापासून शंभर पावलांवर. बायको जगणार नाही असं सांगितल्यावर त्याच दिवशी सकाळी तिला घेऊन निघून गेले. कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. वॉर्डातल्या बाईने विचारलं, "नाव काय त्यांचं? वहीत बघते." आईला नाव सांगता आलं नाही. आपल्या घरात नाव विचारत नसत.

म्हणून आई, तू आता प्रभूच्या घरी आहेस, तिथे हा कागद पोचत असेल तर ऐकून ठेव. तुझ्या देण्यावर माझा आक्षेप नाही. तुझ्या तीन दिवसांवर आहे. माझ्या हातावर तर आहेच.

कलम दुसरे. किल्ली आणि बँकेतले पैसे.

ट्रंकेची किल्ली माझ्या गळ्यात आहे. सहा वर्षांत मी नऊ ठिकाणी कामं केली. तू सगळ्यांना सांगतोस की धाकट्याच्या पायाला भिंगरी आहे. असू दे. प्रत्येक नव्या ठिकाणी मी आधी कुलूपवाल्यांच्या टपऱ्या धुंडाळतो, किल्ली दाखवतो आणि विचारतो, "हा हात कुणाचा?" एक जण म्हणाला, खाचा ओळखीच्या वाटतात. एकाने मला पोलिसाचा माणूस समजून टपरीच बंद केली. त्याचं मी समजू शकतो.

बँकेत जे आहे ते सगळं कुलूपवाल्या काकांचं. काका सापडेपर्यंत किल्ली वहिनींकडे राहील. बँकेबाहेर जे आहे तेही त्यांचंच, पण कुठे ठेवलंय ते इथे लिहीत नाही, कारण हा कागद पोस्टाने जाणार आहे आणि पोस्टावर माझा भरवसा नाही. टाकीबाहेर माझी दोरी धरणाऱ्या दोरीवाल्याला ती जागा माहीत आहे. पाच वर्षांत काका सापडले नाहीत तर वहिनींनी योग्य वाटेल तिथे ते द्यावं.

हो, वहिनींनी. का ते आता लिहितो.

तुझ्या "कुणी येत नाही"ची खात्री करायची म्हणून मी माणूस पाठवला होता. मी टाकीत उतरतो तेव्हा वर माझी दोरी धरून बसतो तो, आम्ही त्याला दोरीवालाच म्हणतो. एक झटका म्हणजे मी ठीक, दोन म्हणजे वर ओढ. तो सुट्टीवर घरी निघाला होता, वाट आपल्या गावावरून. मी म्हटलं, "आमचं दार वाजव. पेशंटचा भाऊ आहे म्हण."

"माझा भाऊ ठणठणीत आहे."

"परीक्षा आहे रे."

"कुणाची?" त्याने विचारलं. मी म्हटलं, दादाची. तो म्हणाला, "मला वाटलं तुझी." पण गेला.

परत आल्यावर त्याने एवढंच सांगितलं की दार उघडलं, जेवायला मिळालं, खाटेवर झोपायला मिळालं. "कुणी उघडलं?" असं विचारलं तर म्हणतो, "उघडलं." मला वाटलं, मी तुझ्याबद्दल चुकलो. खरं सांगतो, जरा वाईटही वाटलं. मग तुला मुद्दाम फोन लावला आणि म्हटलं, "दादा, मागच्या मंगळवारी आलेल्या माणसाला बरा ठेवून घेतलास."

तू म्हणालास, "कसला माणूस? मंगळवारी माझी रात्रपाळी होती. ही म्हणाली कुणी आलं नाही." मग म्हणालास, "अच्छा. म्हणजे माझी छत्री त्याने नेली."

आणि मग तू यादीच वाचलीस. छत्री. त्याआधी थर्मास. त्याआधी तुझी शाल. मोलकरणीवर तुझा संशय, ती नाही म्हटल्यावर वहिनींच्या भावावर, आणि आता माझ्या माणसावर. "घरातून वस्तू जातात रे, कोण नेतं कळत नाही," असं तू म्हणालास. ते वाक्य मला ओळखीचं वाटलं, पण का ते तेव्हा कळलं नाही, कारण फोन ठेवून खोलीत आलो तर दोरीवाल्याच्या खाटेवरच्या खिळ्याला छत्री टांगलेली. दांड्याला पांढरा दोरा गुंडाळलेला. तो तूच गुंडाळतोस, चर्चमध्ये उपासनेला गेल्यावर दुसऱ्याच्या छत्रीशी अदलाबदल होऊ नये म्हणून.

दोरीवाला बूट पुसत बसला होता. माझा हात वर गेला. तोच हात. त्याने तो बघितला आणि पुसायचं थांबला, पण उठला नाही. मी हात खाली घेतला आणि खिशात घातला, आणि विचारलं. सात वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं तसं.

"ही छत्री कुठून आली?"

"मिळाली."

"कुणी दिली?"

"ते सांगायचं नाही असं ठरलंय," तो म्हणाला.

मी खाटेवर बसलो. दादा, ही भाषा जगात एकाच घरात बोलतात. तू रात्रपाळीला होतास. मग घरात राहिलं कोण?

आई गेली तेव्हा तिची सहा पांघरुणं सापडेनात. मी भर खोलीत, सगळ्यांच्या देखत वहिनींना म्हणालो होतो, "माहेरी पाठवलीत का?" पांघरुणं कुठे गेली ते मला आज समजतंय. तो आरोप मी मागे घेतो. आरोप चारचौघांत केला होता, म्हणून मागेही चारचौघांतच घेतला जावा.

तेव्हा घरातला माझा अर्धा हिस्सा, पुढच्या खोलीसकट, वहिनींच्या नावे. तुझ्या नाही. औषधवाल्याला भाड्याने द्यायची असेल तर त्यांची सही लागेल, बघ मिळते का.

तुझ्यावर सूड म्हणून हे करत नाही. बूट गेले त्या सकाळी तू रडला नाहीस, चपलेचा अंगठा धरून चालत गेलास, हे मी दारातून बघितलं होतं. पेपर बुडाला असता तर आज तू रेकॉर्डमध्ये नसतास. तुला दाराला कुलूप हवंसं वाटतं ते कशामुळे, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार? पण ती खाट उचलली तर माझा हिशेब लागत नाही. थप्पड ज्या खोलीत दिली ती खोली उघडी राहिली पाहिजे. काका कधी त्या रस्त्याने आलेच तर दार वाजवतील आणि आत औषधांची कपाटं दिसतील, हे मला नको आहे.

वहिनींना अटी.

खाट खिडकीखालीच राहील. दाराला कुलूप नाही. येणाऱ्याचं तोंड बघून निवडायचं नाही, ते आईचं बरोबर होतं. पण नाव विचारायचं. उपकाराची नोंद म्हणून नाही. चूक आपल्याकडून झाली तर माफी मागायला माणूस सापडायला हवा म्हणून.

आणि वहिनी, तुम्ही शब्द दिला असेल तो पाळा, मी मध्ये पडत नाही. देताना गुपचूप द्या. पण ज्या क्षणी त्या वस्तूपायी दुसऱ्या कुणावर आळ येईल, त्या क्षणी बोला. त्याच ताटावर. तिसऱ्या दिवशी नाही. मोलकरीण अजून कामावर येते ना? तिला आधी सांगा.

तुम्ही हे बोलणार नाही याची मला खात्री आहे, म्हणून मीच बोललो. रागावलात तरी चालेल. पूर्ण विश्वास माझा तुमच्यावरही नाही. तुम्ही सगळंच देऊन टाकाल अशी शंका आहे.

खोलीवर आईच्या नावाची संगमरवरी पाटी लावू नये. चर्चचे पाळकसाहेब सुचवतील, आणि दादा, तू मंडळीचा पंच आहेस, तुला ते आवडेलही. पाटी लागली की आत येणारा आधी वर बघतो आणि मग खाली मान घालून येतो. तसं नको.

कलम तिसरे. बाकीचं.

खरवडणी आचाऱ्याला. त्याच्या पातेल्यांचे तळ मी पाहिले आहेत. ही देणगी मिळणार म्हणून त्याला साक्षीदार करता आलं नाही. कारकून म्हणतो, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष धरली तर त्याचं देणं बुडतं. दोरीवाल्याला माझे जाड तळाचे बूट द्यायचे होते, पण साक्षीला तोच हवा होता. म्हणून बूट आज दुपारीच दिले, जिवंतपणी. तो म्हणाला, "उद्या काय घालून उतरणार?" मी म्हटलं, "तुझे जुने." त्याने ते आणून दिले आणि आधी स्वतः आत हात घालून तपासले. माझा रोग त्यालाही लागलाय.

हा कागद बंद पाकिटात ठेवून माझ्या मरणाची वाट बघायची नाही. रविवारच्या उपासनेनंतर, जेवणाच्या टेबलावर, वहिनी, मोलकरीण आणि वहिनींचा भाऊ समोर असताना दादाने मोठ्याने वाचायचा. मेल्यावर खरं सांगून कुणाचा गाल थंड होत नाही. मी उद्या वर आलो तर कागद तरीही लागू. मी शब्द फिरवेन अशी शंका मलाच आहे, म्हणून हे आत्ताच टाकतो.

हे सगळं मी चांगला झालो म्हणून करतो असं कुणी समजू नये. आई प्रभूवर विश्वास ठेवून दार उघडायची. मी अजून गाठ तीनदा ओढून बघतो. पण उद्या चौथ्यांदा बघणार नाही, एवढं दोरीवाल्याला सांगितलंय.

साक्षीदार पहिला: दोरीवाला. मजकूर वाचून दाखवला नाही. त्याने विचारलाही नाही. छत्रीचं नाव निघालंय एवढं सांगितल्यावर म्हणाला, "माझ्याकडून कळलं असं लिहू नकोस." तसं लिहिलेलं नाही. मी ओळखलं.

साक्षीदार दुसरा: फाटकावरचा पहारेकरी. याने दोनदा वाचून मग सही केली. माणूस बरा वाटतो.

सही: तपासनीस, म्हणजे तुझा धाकटा.

ठिकाण: कामगारांची बराक, खोली सहा, खालची खाट.

दिनांक: रविवार, नऊ नंबरच्या टाकीचा आदला दिवस.

सोबत: छत्री परत पाठवत नाही, ती ज्याला दिली त्याची आहे. दादा, एक छत्री घेऊ नकोस, सहा घे. एकीला पांढरा दोरा गुंडाळ, ती तुझी. बाकीच्या पाच दाराशी टांगून ठेव, जातील तशा जाऊ देत. त्यासाठी मनीऑर्डरने पाठवत असलेली रक्कम: एकोणीसशे ऐंशी रुपये.